साखळी सोडायची जागा

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. लहान मुलांच्या घसरगुंडीच्या पायथ्याशी कुत्र्याची शी. खाली फक्त एक ओळ : 'हे कोणाचं?'

रात्री झोपेपर्यंत दीडशेच्या वर मेसेज झाले होते. त्याच आठवड्यात, 11 ऑगस्ट 2025 ला, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात टाकायचा आदेश दिला होता, त्यामुळे वातावरण तसंही तापलेलं होतं. एकाने कुत्रेबंदीचा ठराव मांडला. दुसऱ्याने प्राणी कल्याण मंडळाची पीडीएफ टाकली, त्यात सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असं लिहिलेलं होतं. तिसऱ्याने नात्यातल्या एका मुलाला चावलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगितली, आणि त्यावर मात्र कोणाला काही बोलता आलं नाही. सी विंगच्या काकांनी नेहमीप्रमाणे लिहिलं, 'आधी पार्किंगचं बोला.'

माझ्याकडे बिट्टू आहे. जातीने अस्सल पुणेरी, म्हणजे बाणेरच्या एका बांधकामाच्या साईटवर सापडलेला. ती शी बिट्टूची नव्हती, पण हे सिद्ध करायला माझ्याकडे कुठलाही लॉग नव्हता. शिवाय घरातच विरोधी पक्ष होता. आई आठ वर्षांची असताना तिला गावात कुत्रा चावला होता. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची पद्धत होती. ती तिने घेतली. आजही लिफ्टमध्ये कुत्रा असला की ती जिना चढते, चार मजले, गुडघे दुखत असले तरी. बिट्टू घरात आल्यावर पहिले सहा महिने ती स्वयंपाकघराचं दार लावून स्वयंपाक करायची.

शेवटी कमिटीने खास सभा बोलावली. सेक्रेटरी काका मला म्हणाले, "तू अमेरिकेत राहून आलायस ना? तिथे काय करतात ते जरा नीट वाचून ये. नुसतं 'तिकडे सगळं छान असतं' असं नको."

म्हणून मी वाचायला बसलो, आणि पहिल्याच संध्याकाळी मला माझीच लाज वाटली. ऑनसाईट असताना मी दीड वर्ष ज्या कुंपणात रोज संध्याकाळी जायचो, तो अमेरिकेतला पहिला डॉग पार्क मानला जातो. काहींच्या मते जगातला पहिला. मला तो फक्त चिखल आणि ओल्या कुत्र्यांच्या वासासाठी आठवत होता.

*

बर्कलीत मी एका सत्तरीच्या बाईंच्या घरामागच्या खोलीत राहायचो. त्यांचा गुडघा बदललेला होता, आणि त्यांचा लॅब्राडोर मात्र दोन वर्षांचा. भाड्यात थोडी सूट, त्या बदल्यात संध्याकाळचं फिरवणं माझ्याकडे. कुत्र्याचं नाव वॅफल. पहिल्या दिवशी बाईंनी हातात साखळी आणि पिशव्यांची गुंडाळी दिली आणि सांगितलं, 'ओलोनी पार्कला जा, बाकी त्याला माहीत आहे.'

त्याला खरंच माहीत होतं. हर्स्ट ॲव्हेन्यूच्या कडेने एक लांबच लांब हिरवी पट्टी आहे, तिच्या एका टोकाला जाळीचं कुंपण. आत शिरायला एक नाही, दोन फाटकं, एकामागे एक. पहिलं उघडून आत यायचं, ते नीट बंद करायचं, मग त्या मधल्या टीचभर जागेत साखळी सोडायची आणि दुसरं फाटक उघडायचं. दोन्ही फाटकं एकाच वेळी कधीच उघडी नसावीत, म्हणजे आतला कुत्रा रस्त्यावर पळत नाही. कुत्र्याला साखळी लावून आत न्यायचं नाही हेही तिथेच कळलं. सुट्या कुत्र्यांच्या घोळक्यात एकटाच बांधलेला कुत्रा बिथरतो, कारण त्याला पळताही येत नाही आणि ओळखही करून घेता येत नाही.

माणसांचंही तसंच होतं म्हणा. त्या गावात ऑफिसबाहेर मी पहिले तीन महिने दुकानदार आणि बसचा ड्रायव्हर सोडून कोणाशी बोललो नव्हतो. त्या कुंपणात मात्र दुसऱ्या आठवड्यापासून लोक मला ओळखायला लागले, म्हणजे 'वॅफलवाला' म्हणून. मलाही ते तसेच माहीत : रोझीची आई, ब्रूनोवाले आजोबा, आणि तो टपाल खात्यातला माणूस, ज्याच्या कुत्रीला एक डोळा नव्हता. नावं विचारायची पद्धतच नव्हती. रोझीच्या आईने मला दातांचा स्वस्त डॉक्टर शोधून दिला. एकदा ब्रूनोवाले आजोबा सलग चार दिवस दिसले नाहीत, तेव्हा कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन पाहून आलं. पडले होते, पण ठीक होते. आडनाव कोणालाच माहीत नव्हतं, घर मात्र माहीत होतं.

पायाखाली अधूनमधून एक घरघर जाणवायची. तिथून बार्ट जाते, बे एरियाची मेट्रो. ती घरघर म्हणजेच या जागेचा इतिहास आहे, हे मला पुण्यात परत आल्यावर, तेही सभेच्या निमित्ताने कळलं.

*

साठच्या दशकात बार्टची आखणी झाली तेव्हा बर्कलीतून ती बऱ्याच अंतरावर खांबांवरून जाणार होती. गावाचे दोन तुकडे झाले असते. गावाने विरोध केला, आणि नुसता विरोध करून थांबलं नाही. 1966 साली बर्कलीच्या मतदारांनी भुयाराचा जादा खर्च स्वतःच्या करांतून द्यायचं कबूल केलं. दक्षिण बर्कलीतल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या मेबल हॉवर्ड नावाच्या बाई तर त्यांच्या भागातली लाईनही पूर्ण जमिनीखाली जावी म्हणून कोर्टात गेल्या. भुयार मात्र तेव्हा वरून खणायचे : घरं पाडायची, चर खणायचा, डबा ठेवायचा, वर माती टाकायची. हर्स्ट ॲव्हेन्यूलगतच्या घरांच्या रांगा अशा गेल्या. मागे उरला मातीचा लांब पट्टा.

त्याच सुमारास गावाच्या दुसऱ्या बाजूला विद्यापीठाच्या एका पडीक भूखंडावर लोकांनी स्वतःहून झाडं लावून बाग केली. एप्रिल 1969 मधली ही गोष्ट. नाव दिलं पीपल्स पार्क. 15 मेला पहाटे पोलिसांनी ती जागा ताब्यात घेऊन कुंपण घातलं, दुपारी मोर्चा आला, पोलिसांनी छऱ्याच्या बंदुका चालवल्या. छपरावर उभा असलेला जेम्स रेक्टर हा 25 वर्षांचा तरुण जखमी झाला आणि चार दिवसांनी गेला. गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी गावात नॅशनल गार्ड उतरवलं. बाग करणाऱ्यांना तिथे शिरता येईना, तेव्हा त्यातले काही जण फावडी घेऊन या मातीच्या पट्ट्यावर आले आणि इथे रोपं लावायला लागले. या जागेला ते म्हणायचे पीपल्स पार्क ॲनेक्स, म्हणजे पीपल्स पार्कची शाखा.

पुढची दहा वर्षं नगरपालिका, बार्ट आणि शेजारी यांच्यात या पट्ट्यावरून घासाघीस चालली. घरं बांधायची की मोकळं ठेवायचं? शेवटी 1979 साली त्याला ओलोनी पार्क हे नाव मिळालं, त्या भूमीवर मुळात राहणाऱ्या लोकांचं. (ज्यांची जमीन गेली त्यांचं नाव बागेला द्यायचं, ही रीत जगभर सारखीच दिसते.)

कुत्री तोवर आलेलीच होती. बर्कली हे तसं कुत्र्यांचं लाड करणारं गाव. विद्यापीठाच्या मुख्य चौकातल्या कारंज्याला 1961 साली अधिकृतपणे लुडविग या कुत्र्याचं नाव दिलं गेलं, कारण तो दिवसभर त्या पाण्यात बसून विद्यार्थ्यांकडून खाऊ वसूल करायचा. पण त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या गावागावांत साखळीचे कायदे कडक होत गेले. घराबाहेर कुत्रा सुटा दिसला की दंड. नव्या पार्कात शेजारचे लोक कुत्री सोडायचे, इतर शेजारी तक्रार करायचे. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं. तेव्हा असं ठरलं की एका कोपऱ्याला कुंपण घालून बघू, प्रयोग म्हणून. 1979 चा तो प्रयोग अजून चालू आहे. त्याचं अधिकृत नाव मार्था स्कॉट बेनेडिक्ट यांच्या स्मरणार्थ आहे, त्यासाठी धडपडणाऱ्यांपैकी त्या एक. लोकांनी संघटना केली, पिशव्या, पाणी, साफसफाईची जबाबदारी वाटून घेतली.

शेजाऱ्यांची कुरकुर यानंतरही थांबलेली नाही. शनिवार-रविवारी ते फाटक सकाळी उशिरा उघडतं आणि मला वॅफलला अर्धा तास बाहेर ताटकळत ठेवावं लागायचं. मला वाटायचं हा सरकारी आळस आहे. खरं कारण म्हणजे सुट्टीच्या सकाळी झोपू पाहणारे शेजारी. तेही करारात आहेत.

मूळ पीपल्स पार्कचं काय झालं? जानेवारी 2024 मध्ये विद्यापीठाने वसतिगृह बांधण्यासाठी त्या जागेभोवती मालवाहू कंटेनरची भिंत उभी केली. ज्या बागेसाठी माणूस मेला ती गेली, आणि तिची शाखा, भुयारावरची मातीची पट्टी, राहिली.

*

सभेत एवढं सांगून भागणार नव्हतं. 'तिकडच्या लोकांना शिस्त आहे' हे वाक्य कोणीतरी टाकणारच होतं. म्हणून मी मागे गेलो, न्यूयॉर्कपर्यंत.

1870 च्या दशकात न्यूयॉर्क शहर उन्हाळ्यात भटकी कुत्री पकडून लोखंडी पिंजऱ्यात भरायचं आणि तो पिंजरा ईस्ट नदीत बुडवायचं. यावर पेपरांत बातम्या यायच्या, लोक बघायला जायचे. त्यानंतर शंभर वर्षांनी, 1970 च्या दशकात, पिंजरा गेला होता आणि कुत्री पाळीव झाली होती, पण फुटपाथ विष्ठेने भरलेले होते. मालकाने ती उचलायची असते ही कल्पनाच कोणाला नव्हती. फ्रॅन ली नावाच्या एका कार्यकर्तीने 'चिल्ड्रन बिफोर डॉग्ज' म्हणून चळवळ काढली. तिचं म्हणणं, मातीत खेळणाऱ्या पोरांना यातून जंत होतात. ते चूक नव्हतं.

मग उचलण्याचा कायदा आला आणि गंमत अशी की दोन्ही बाजू त्याच्यावर तुटून पडल्या. कुत्रेवाले म्हणाले, हे अपमानास्पद आहे, म्हातारी माणसं वाकणार कशी, लोक कुत्री रस्त्यावर सोडून देतील. फ्रॅन ली म्हणाली, उचलून काय होणार, कुत्री शहरातच नकोत. 1 ऑगस्ट 1978 पासून कायदा लागू झाला. एड कॉच महापौर होते. पहिल्या दिवशी कोणालाच तो चालेल असं वाटत नव्हतं. पोलीस प्रत्येक कुत्र्यामागे फिरू शकत नाहीत. तो चालला तो लोकांनी एकमेकांकडे रोखून बघितल्यामुळे.

मला वाटतं सगळं प्रकरण इथेच फिरलं. 1978 ला पिशवी आली आणि 1979 ला, देशाच्या दुसऱ्या टोकाला, कुंपण. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही, पण क्रम बघा. कुत्रेवाल्यांनी आधी स्वतःच्या माथी काहीतरी घेतलं, मग त्यांना काहीतरी मागायचं तोंड राहिलं. 'त्यांना शिस्त आहे' हे त्यामुळे अर्धसत्य आहे. 1977 साली त्यांनाही नव्हती.

न्यूयॉर्कमधला पहिला डॉग रन 1990 साली टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कात झाला. त्या पार्कात 1988 च्या ऑगस्टमध्ये पोलीस आणि लोकांची रात्रभर मारामारी झाली होती, तिथे राहणारी बेघर माणसं आणि रात्रीची संचारबंदी यावरून. बर्कलीसारखीच ही जागा आधी भांडणाची होती. पण इथे मला जरा अडखळायला होतं. डॉग रन आला 1990 ला, आणि 1991 ला बेघरांना त्या पार्कातून हाकलण्यात आलं. सिल्वी टिसो या फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बाईंनी बॉस्टनच्या साऊथ एंड भागाचा अभ्यास केला आहे. तिथे नव्याने राहायला आलेल्या पैसेवाल्या गोऱ्या मंडळींनी डॉग रनसाठी संघटना बांधली, पैसे जमवले, आणि त्या ओघात सार्वजनिक जागेवर कोणाचा शब्द चालतो हेही ठरून गेलं. कुत्र्यासाठी कुंपण मागणारा माणूस बहुतेक वेळा असा असतो, ज्याचं म्हणणं नगरपालिका ऐकून घेते. आमच्या सोसायटीत तो मी होतो. आमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींना बसायला खाली एक बाक नाही, हे मला हा लेख लिहिण्याआधी सुचलं नव्हतं.

फायदे आहेत का मग? आहेत, आणि मोजलेले आहेत. पीटर मेसेंट यांनी लंडनच्या हाईड पार्कात एक साधा प्रयोग केला, तो 1983 साली प्रसिद्ध झाला. तीच माणसं एकदा कुत्रा घेऊन चालली आणि एकदा एकटी. कुत्रा असताना अनोळखी लोक जास्त थांबले, जास्त बोलले. 2015 मध्ये लिसा वुड आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातलं पर्थ आणि अमेरिकेतली तीन शहरं घेऊन पाहणी केली. प्राणी पाळणाऱ्यांच्या आजूबाजूच्या लोकांशी ओळखी व्हायची शक्यता न पाळणाऱ्यांपेक्षा जास्त निघाली. आता, मुळातच बोलके लोक कुत्री पाळत असतील असाही याचा अर्थ लावता येतो. इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवून एवढं तरी शिकलो की दोन आलेख सोबत वर गेले म्हणजे एकाने दुसऱ्याला ढकललं असं नाही. पण ब्रूनोवाल्या आजोबांच्या घरी कोणीतरी बघायला गेलं होतं, हे मी पाहिलेलं आहे.

*

आणि मग वाचता वाचता मी अचानक मुंबईत पोचलो. न्यूयॉर्कच्या पिंजऱ्याबद्दल शोधत असताना जेसी पालसेतिया या इतिहासकाराचा 1832 च्या मुंबईतल्या दंगलीवरचा लेख सापडला. दंगल कुत्र्यांवरून झाली होती.

मुंबई सरकारचा 1813 पासूनचा नियम होता, उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायची. 1832 साली ती मुदत वाढवली गेली आणि शिपायांना दर कुत्र्यामागे आठ आणे मिळायला लागले. आठ आण्यांसाठी शिपाई भटकं आणि पाळलेलं यात फरक करेनात, अंगणातून, घरातून कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. माणूस गेल्यावर त्याचा देह कुत्र्याला दाखवायचा विधी आहे, सगदीद. 6 जून हा त्यांचा सणाचा दिवस. त्या दिवशी फोर्टमध्ये पारशांच्या जमावाने शिपायांना चोपलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, आणि इतर समाजांचे व्यापारीही बंदमध्ये सामील. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. सरकारने फौज आणली, धरपकड केली.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रतिष्ठित पारशांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्यात जमशेटजी जीजीभॉय होते. मारण्याऐवजी कुत्री शहराबाहेर न्यावीत असा मार्ग निघाला. आणि 1834 साली जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभारला. आज तिथे गाई दिसतात, म्हणून तो गाईंसाठी होता असं आपण धरून चालतो. त्याच्या मुळाशी कंपनी सरकार मारत असलेली कुत्री होती.

म्हणजे जवळपास दोनशे वर्षांपूर्वी या शहराने हे भांडण केलं आणि तडजोडही काढली. तडजोड अशी : मारू नका, पण नजरेआड ठेवा. ती चांगली होतीच, जीव वाचले. पण कुत्रा आणि माणूस एकाच गल्लीत कसे राहतील या प्रश्नाला तिने हात घातला नाही. मुंबई महापालिका त्यानंतर दीर्घकाळ कुत्री मारतच राहिली, 1994 मध्ये थांबली आणि नसबंदीकडे वळली. नसबंदी करून त्याच जागी परत सोडायचे देशभरचे नियम 2001 चे. 2023 च्या नव्या नियमांत मात्र एक ओळ आहे, जी वाचताना मला बर्कलीचं फाटक आठवलं : भटक्या कुत्र्यांना खायला घालण्याची जागा रहिवाशांच्या संघटनेने ठरवून द्यायची, मुलांच्या खेळाच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर. सर्वोच्च न्यायालयानेही 22 ऑगस्टला आपला आधीचा आदेश बदलताना अशा ठरलेल्या जागांवर भर दिला.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न डॉग पार्कने सुटणार नाही, हे मला सभेत कोणी विचारायच्या आधीच सांगायचं होतं. डॉग पार्क मालक असलेल्या कुत्र्याची सोय आहे. हैदराबादला कोंडापूरमध्ये 2018 साली महापालिकेने एक मोठा डॉग पार्क केला, तोही पाळीव कुत्र्यांसाठीच. रेबीजने आपल्याकडे माणसं मरतात. आईच्या पोटातल्या चौदा सुया काही तिच्या मनाचे खेळ नाहीत. पण भांडण मिटवायची रीत दोन्हीकडे एकच दिसते. जागा ठरवा, वेळ ठरवा, उचलायचं कोणी ते ठरवा, आणि ज्याला भीती वाटते त्याला करारात बसवा.

*

सभा सप्टेंबरमधल्या एका रविवारी झाली. मी स्लाईड्स केल्या होत्या, प्रोजेक्टर चालला नाही. मग तोंडीच बोललो, त्यामुळे निम्मं विसरलो. मागणी साधी होती. सांडपाणी प्रक्रिया प्लांटच्या, म्हणजे आमच्या एसटीपीच्या मागे एक रिकामा तुकडा आहे, वासामुळे तिथे कोणी जात नाही. त्याला जाळी आणि दोन फाटकं. खर्च आम्ही नऊ कुत्रेवाले करणार. सकाळी सहा ते आठ, रात्री साडेआठ ते दहा. लसीकरणाची प्रत ऑफिसात जमा. न उचललं तर पाचशे रुपये, आणि ते आमच्यातल्याच कोणीतरी वसूल करायचे.

बराच गोंधळ झाला. भुंकण्यावरून ए विंगने हरकत घेतली, त्यांच्या बेडरूम त्या बाजूला आहेत. रात्रीची वेळ साडेनऊपर्यंत आली. पार्किंगवरही वीस मिनिटं गेली, जाणारच होती.

मग मागच्या खुर्चीवरून आई उठली. मला वाटलं, संपलं. ती म्हणाली, "मला कुत्र्यांची भीती वाटते, सगळ्यांना माहीत आहे. या पोराच्या घरात राहते म्हणून सवय झालीय, भीती गेलेली नाही. मला आतलं काही माहीत नाही. पण त्या दोन फाटकांबाहेर, लिफ्टमध्ये, जिन्यात, बागेत, एकही कुत्रा सुटा दिसणार नाही असं लिहून देणार असाल तर माझी हरकत नाही. लिहून."

सेक्रेटरी काकांनी ते इतिवृत्तात शब्दशः घेतलं. तीन महिन्यांसाठी, प्रयोग म्हणून. 'प्रयोग' हा शब्द मीच सुचवला होता.

फाटकं कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरने केली. त्याला दोन कशाला हे पटवायला मला कागदावर चित्र काढावं लागलं. पहिल्या पावसात आतला भाग चिखल झाला, मग आम्ही भुसा टाकला. दोनदा पाचशे रुपये वसूल झाले, एकदा माझ्याकडून, कारण फोनवर बोलण्याच्या नादात मी बघितलंच नाही. आमच्यातल्या एका लॅबने बिट्टूचा कान फाडला, टाके पडले. त्या लॅबची मालकीण त्याच मजल्यावर सात वर्षं राहते आणि आम्ही पहिल्यांदा बोललो ते डॉक्टरच्या दवाखान्यात.

प्रयोगाची मुदत तेव्हापासून दोनदा वाढली आहे. आई संध्याकाळी फिरायला जाते तेव्हा जाळीपासून दहा पावलांवरच्या कट्ट्यावर बसते, कारण तिथे वासही येत नाही आणि सगळं दिसतं. नऊही कुत्र्यांची नावं तिला पाठ आहेत, मालकांची दोन-तीनच. आत ती कधी आलेली नाही, मी विचारलंही नाही. कट्ट्यावर हल्ली तिच्याबरोबर मावशीही बसतात, काम आटपून बसची वाट बघत. कट्टा उंचीला कमी आहे आणि दोघींचे गुडघे सारखेच, म्हणून तिथे एक पाठीचा बाक हवा असा अर्ज आईने कमिटीला दिला आहे. पुढच्या सभेत तो विषय चौथा आहे, पार्किंगनंतर.